तीनच्या शोला कुशाबा मेला

चांदे गावामागच्या बंद दगडखाणीत गेल्या थंडीत लढाईच्या सिनेमाचं शूटिंग झालं, तेव्हा गावातल्या अकरा जणांना मरायचं काम मिळालं. जेवण, दोनदा चहा आणि अंगभर लाल रंग. त्यात गिरणीवाला नरहरी होता, कुशाबाही होता. सतरा वर्षं खरी फौज केलेला, खऱ्या लढाईतून धडधाकट परत आलेला माणूस सिनेमात पहिल्याच गोळीला आडवा झाला, म्हणून गावाने त्याला चिडवून हैराण केलं. तो नुसता मिशीत हसायचा.

त्याच्या बायकोला, रत्नाबाईला, यात हसण्यासारखं काही दिसत नव्हतं. शूटिंगवाल्यांनी नवऱ्याचे पिकलेले केस काळे केले, तेवढं तिला आवडलं. बाकी सगळा वाह्यातपणा.

"मी न्हाई येनार," तिने सिनेमा लागल्या दिवशीच सांगून टाकलं. "जे बघायला लागू नये म्हनून जीव मुठीत धरून बसले, ते आता तिकीट काढून बघू व्हय?"

तिचंही खरं होतं. त्या लढाईच्या उन्हाळ्यात दोन महिने कुशाबाचं पत्र नव्हतं. पेपरात रोज गेलेल्या जवानांचे फोटो यायचे, आणि पेपर यायचा नरहरीच्या पिठाच्या गिरणीत. रत्नाबाई दळणाचा डबा घेऊन दारात उभी राहायची, पेपराकडे पाठ करून. नरहरी पानं उलटायचा आणि म्हणायचा, "आज काय न्हाई, वहिनी." मग तिचे पाय हलायचे. घरात दळायला दाणे नसले तरी ती रिकामा डबा घेऊन जायची. नरहरीने कधी झाकण उघडायला लावलं नाही.

लेकीने, हिंजवडीत नोकरीला असलेल्या अपेक्षाने, मोबाईलवर तिकिटं काढली आणि कधी नव्हे तो कुशाबा हट्टाला पेटला.

"येवढ्या डाव चल. तू न्हाई आलीस तर मी बी न्हाई जात."

म्हाताऱ्याचं हे नवीनच. रविवारी दुपारी विहारासमोर नरहरीचा पिकअप उभा राहिला आणि रत्नाबाई कुरकुरत वर चढली.

थिएटरात मागच्या दोन रांगा गावाच्या. पुढे भुकूमच्या नव्या सोसायट्यांमधली मंडळी. सिनेमा एका तरण्या शिपायाचा होता: त्याची भरती, त्याची आई, गळका तंबू, जिवाभावाचे दोस्त. रत्नाबाई हळूहळू रमली. शिपाई थंडीत कुडकुडत रोटी खात होता.

"असंच व्हतं?" तिने विचारलं.

"रोटी येवढी गोल नव्हती," कुशाबा म्हणाला.

मध्यंतरानंतर पडद्यावर ओळखीची खाण आली. रत्नाबाईने तोंडावर पदर ओढला आणि अपेक्षाचा हात धरला. "झालं की सांग मला."

गोळ्या थांबल्या. हीरो पडलेल्या दोस्तांमधून चालू लागला, सनई सुरू झाली. पुढच्या रांगांत नाकं ओढल्याचे आवाज यायला लागले. नेमक्या त्याच वेळी गावाने शिट्ट्या मारल्या. "नरहरी पडला रं!" "तोंडात माती गेली बघ!" एकेका मुडद्याला टाळ्या.

पुढची एक बाई डोळे पुसत मागे वळली. "अहो, माणसं मरतायत तिथं!"

तेवढ्यात शेजारच्या खुर्चीतून नरहरी वाकला आणि रत्नाबाईच्या कानाशी म्हणाला, "वहिनी, बघा. आज हाय."

सव्वीस वर्षांत तो असं पहिल्यांदाच म्हणाला होता. तिचा पदर आपसूक खाली आला.

पडद्यावर कुशाबा उताणा पडला होता. केस काळे, डोळे मिटलेले, छाती लालभडक. पेपराकडे पाठ करून तिने जे पाहायचं टाळलं, ते भिंतीएवढं समोर होतं.

आणि मग वर्दीचं एक बटण वर आलं. खाली गेलं. पुन्हा वर आलं. संथ, निवांत, दुपारी ओसरीवर लवंडल्यावर चालतं तसं.

रत्नाबाई ताडकन उभी राहिली. "अगं बया, श्वास घेतोय! पोट हालतंय बघा! जिता हाय!"

साऱ्या थिएटरात हशा पिकला. पुढच्या बाईने समजावलं, "काकू, तो मेलाय. हीरोचा दोस्त आहे तो."

"मरतोय कशाला? ह्यो बघा हितं बसलाय, लाह्या खातोय!"

बाईने पडद्याकडे पाहिलं, कुशाबाकडे पाहिलं. कुशाबा तोंडात लाह्या तशाच ठेवून ताठ बसला. बाई ओल्या डोळ्यांनीच हसायला लागली. रत्नाबाईला इतका आनंद झाला होता की तिने तिच्याही हातावर टाळी दिली.

बाहेर आल्यावर मात्र तिने नवऱ्याला धारेवर धरलं. "मेल्या मानसानं श्वास घ्यायचा नसतो, येवढं बी कळत न्हाई? सायेब रागावला न्हाई?"

"रागावला की. चार डाव म्हनला, श्वास धरा, आजोबा."

"मग?"

कुशाबाने पिकअपच्या फळीवर हात टेकला. "सतरा वर्सं एक हुकूम मोडला न्हाई मी. पन म्हनलं, हे रत्ना बघनार."

रत्नाबाईने पदराने नाक पुसलं. मग पिकअपमध्ये चढून बसलेल्या लेकीला तिने हाक मारली.

"अपेक्षा, उद्याचं तिकीट मिळंल का गं? पुढच्या रांगेतलं काढ. जवळनं बघायचं हाय."