काचेची सवत

मित्रांनो, मी एक जुनी मापांची वही आहे. माझा पुठ्ठा निघालाय, कडांना खडूची पूड लागलीय. पण बावीस वर्षं या शिवणाच्या दुकानातल्या बायकांची मापं माझ्याच पोटात होती. बाहेर कुणाला इंचभरही कळलं नाही. दुकानाच्या मावशी नाजूक गोष्ट तर नुसत्या खुणेनेच लिहायच्या. गाण्याच्या बाईंचं ऑपरेशन झालं, एका बाजूची छाती काढावी लागली. मावशींनी माझ्यात फक्त एक टिंब दिलं आणि ब्लाउजला आतून गादी शिवली. बाईंनी लेकीलाही सांगितलं नव्हतं. तिला दिवस गेले होते, तिने धसका घेतला असता.

मग ती टॅब्लेट आली. फोटो काढला की मापं तयार! गाण्याच्या बाईंचं नवं मापही, आतल्या गादीच्या नोंदीसकट, तिच्यातच गेलं. मावशी तिला मऊ फडक्याने पुसायच्या. मला कधी पुसलं होतं? मी कापडाच्या चिंध्यांखाली, आणि ही चकचकीत भवानी टेबलावर मिरवतेय. माझा नुसता जळफळाट व्हायचा.

गिऱ्हाइकाला 'नाही' म्हणायचं नाही, ही मावशींची जुनी सवय. यंत्राशीही त्या तशाच वागल्या. मापं कंपनीला पाठवू? हो. इतरांना देऊ? हो.

थोड्याच दिवसांत गाण्याच्या बाई रडवेल्या होऊन आल्या.

"मावशी, ऑपरेशन झालेल्या बायकांच्या कपड्यांच्या जाहिराती येतायत मला फोनवर. लेक घरी आलीय, तिने पाहिल्या. कालपासून धड जेवली नाही. कुणाला बोललात?"

"शपथ घेते बाई, कुणाला नाही!"

दोघींनी टॅब्लेट उघडून पाहिली.

"अगं बाई, मीच हो म्हटलंय की!" मावशी म्हणाल्या. त्यांनी माप पुसायचं बटण दाबलं. उत्तर आलं, माहिती आधीच इतर कंपन्यांकडे गेली आहे, तिथली इथून पुसता येणार नाही.

खोटं कशाला बोलू, मला आनंदाच्या उकळ्या फुटल्या. बरी जिरली मेलीची! मावशींनी मला झटकून वर काढलं, "आता यातच लिहीन," म्हणाल्या.

"यातलंही माझं पान द्या," बाई म्हणाल्या.

"अहो, यातलं कुठे जात नाही."

"तरी द्या. माझं आहे ते."

मावशींनी पान फाडलं. इतकं जपलेलं पान! मला फार झोंबलं. बाईंनी घडी घालून ते पर्समध्ये ठेवलं आणि डोळे पुसले.

"एवढं तरी परत मिळालं," त्या म्हणाल्या.

मित्रांनो, स्वतःबद्दलचं काही कुणाला देण्याआधी एवढंच विचारा: मागितलं तर परत देशील का? त्या भवानीला ते जमलं नाही. मला जमलं. अजून दुखतंय, पण जमलं.