पिपलानीच्या दाराचा अडसर

मित्रांनो, मी एक जुना अडसर आहे. दार आतून घट्ट राहावं म्हणून आडवा घालतात ना, तो लाकडी दांडा. भोपाळच्या मोठ्या सरकारी कारखान्यात यंत्रं ज्या खोक्यांतून आली, त्या खोक्यांचं मी लाकूड. कारखान्याच्या पिपलानीतल्या क्वार्टरांत तेव्हा पाट, स्टुलं, देव्हारेसुद्धा याच लाकडाचे असत. तिथेच नोकरीला असलेल्या भालचंद्ररावांनी रंधा मारून मला घडवलं आणि मागच्या अंगणाच्या दाराला बसवलं.

मे महिन्यात आंधी यायची. आभाळ पिवळं पडायचं, धूळ उठायची आणि बायका वाळवणाकडे धावायच्या. शेजारीण घरी नसेल तर तिचंही वाळवण आपणच उचलायचं, ही आमच्या ओळीची रीत. फार गोड रीत होती ती. तिनेच एकदा घात केला असता.

त्या दुपारी इंदुमतीबाई, म्हणजे भालचंद्ररावांच्या पत्नी, आपल्या कुरडया घरात आणून मला लावून बसल्या होत्या. भालचंद्रराव ड्यूटीवर होते. एवढ्यात इंदुमतीबाईंना आठवलं, शेजारच्या शालिनीताई बाजारात गेल्यात आणि त्यांच्या कुरडया अंगणातल्या खाटेवर आहेत. त्यांनी मला काढून कोपऱ्यात उभं केलं आणि त्या धावल्या. त्यांची छोटी लेक रजनी त्यांच्या मागे गेली.

मी नुसता उभा. इतकं निरुपयोगी मला कधी वाटलं नव्हतं. सायकलींच्या शेडचा पत्रा सुटून खाटेवर येऊन आदळला. रजनी तिथून हातभर अंतरावर होती. इंदुमतीबाईंनी कुरडया टाकल्या, पोरीला कवटाळलं आणि आत येऊन मला जागेवर बसवलं. वारा दार ढकलत होता, मी वाकलो, पण हललो नाही.

संध्याकाळी शालिनीताई आल्या. मोडलेली खाट बघून त्या रडायलाच लागल्या.

"कुरडया काय, उद्या पुन्हा घालीन. पोरीला काही झालं असतं तर मी तुम्हाला तोंड कसं दाखवलं असतं? यापुढे बाहेर राहिलं ते वाऱ्याचं."

तेव्हापासून रीत बदलली. आभाळ पिवळं झालं की भिंतीवरून हाक यायची, "अडसर लावला का हो?" ओळीच्या टोकापर्यंत ती जायची. ती हाक आठवली की अजून भरून येतं.

पुढे क्वार्टर सुटलं. रजनीने मला बाग सेवनियाच्या फ्लॅटमध्ये आणलं, बाल्कनीच्या दाराला माझ्यासाठी आकडेही ठोकले, पण माझ्यावर ओले टॉवेल वाळायचे. शेजारी कोण राहतं हेही कुणाला माहीत नव्हतं.

परवा आंधी आली. रजनीची लेक अनुराधा बाल्कनीकडे निघाली.

"मम्मी, माझा फोन बाहेर आहे. बस एक मिनिट."

रजनीने टॉवेल फेकले आणि मला दाराला आडवं लावलं.

"बाहेर राहिलं ते वाऱ्याचं."

अनुराधा चिडली. तेवढ्यात वरच्या मजल्यावरची कुंडी आमच्या बाल्कनीत पडून फुटली. फोन तिच्याखालीच होता. मग रजनीने तिला ती जुनी दुपार सांगितली.

मित्रांनो, वादळात आधी दार लावा, वस्तूंचं नंतर बघा. आणि शेजाऱ्यालाही विचारा. काल पुन्हा आभाळ पिवळं झालं, तेव्हा मला जागेवर बसवून अनुराधाने समोरच्या घराची बेल वाजवली.

"आंटी, बालकनी बंद कर ली?"