दहा वाव फिल्म

बुलडोझर दुकानात दार उघडून आला नाही, दार घेऊनच आला. काच खाली सांडली, चौकट गळ्यात राहिली, ती त्याने मफलरसारखी काढून बाजूला ठेवली. काखेत गाडीवर चिकटवायच्या फिल्मचा रोल होता, तांब्याच्या रंगाचा. धंदा इमारती पाडण्याचा, म्हणून नाव बुलडोझर. यंत्र मात्र तो अगदीच नाइलाज झाला तर वापरायचा.

हा रंग आता कुठे बनत नाही, हा शेवटचा रोल आहे आणि आधीच्या मालकाला तो द्यायचा नव्हता, एवढं त्याने सांगितलं. मालकाचं पुढे काय झालं ते सांगितलं नाही, पण रोलच्या पुठ्ठ्यात दोन दात रुतलेले होते. बाहेर त्याची लांबलचक पांढरी गाडी उभी होती. रोल पुरेल का, एवढंच त्याला विचारायचं होतं.

"पुरेल म्हणालास आणि कमी पडली, तर राहिलेल्या भागावर तुझी कातडी लावीन," तो म्हणाला. पत्ता सांगावा तसं म्हणाला.

हे अंदाज्याला उद्देशून होतं. दुकान त्याच्या दाजींचं, म्हणजे थोरल्या बहिणीच्या नवऱ्याचं. कापणं-चिकटवणं दाजींकडे, किती लागेल ते अंदाज्या सांगायचा, आणि नऊ वर्षांत त्याचं माप बोटभरही चुकलं नव्हतं. दोन्ही हात पसरले की या बोटांपासून त्या बोटांपर्यंत एक वाव, एवढंच त्याचं साधन. ज्याचा स्वतःच्या हातांवर भरवसा नाही त्याने टेप बाळगावी, असं तो दाजींच्या तोंडावर म्हणायचा. दाजींकडे तीन टेपा होत्या.

अंदाज्या बॉनेट, छप्पर, दारं, डिकी अशा मिठ्या मारत गाडीभोवती फिरला.

"दहा वाव लागेल," तो म्हणाला.

बुलडोझरला उत्तर आवडलं. त्याने हात मिळवला. खांद्यातून कट् आवाज आला आणि अंदाज्याचा उजवा हात भलत्याच जागी लोंबू लागला. दाजींनी त्याला आडवा पाडला, काखेत पाय रोवला आणि हात ओढून परत बसवला. बसला खरा, पण आता पुरता पसरेना.

त्याच हातांनी अंदाज्याने रोल मोजला. अकरा वाव भरला. दाजी हळूच म्हणाले की एकदा टेप लावू या. अंदाज्याने त्यांच्याकडे असं पाहिलं की टेप आपोआप खिशात गेली. एक वाव वर उरेल, असं त्याने बुलडोझरला छातीठोकपणे सांगून टाकलं.

तिसऱ्या दिवशी दुपारी रोल संपला आणि डिकीचं झाकण पांढरंच राहिलं. कापून उरलेले तुकडे होते, पण फिल्मवर बारीक रेघा. तुकडा आडवा लावला की डिकी दुसऱ्याच गाडीची वाटायची. दाजी म्हणाले, पळू या. तेवढ्यात मागची भिंत पडली. दाराला नवी काच बसवलेली बघून बुलडोझर मागून आला होता.

त्याने डिकी पाहिली. दाजींनी फिल्म मऊ करायची गरम हवेची बंदूक उगारली. ती त्याने काढून घेतली, दाजींच्याच डोक्यात घातली आणि वायर नीट गुंडाळून जागेवर ठेवली. मग दाजींचा कटर उचलला. अंदाज्याला बॉनेटवर पालथा दाबला, शर्ट फाडला आणि मानेखाली पहिली रेघ ओढली. रक्त कमरेपर्यंत ओघळलं.

तेव्हा अंदाज्याला बॉनेटवर पसरलेले स्वतःचे हात दिसले. परवा ते दोन्ही कडांना पोचले होते. आज डावा पोचला होता आणि उजवा वीतभर अलीकडेच थांबला होता.

"साहेब, माप तुमच्यामुळे चुकलं," तो बॉनेटला गाल चिकटवून म्हणाला. गाडी चांगल्या हातांनी मोजली, मग तुम्ही हात मिळवलात, आणि रोल मोडक्या हाताने मोजला. हात आखडला, वाव आखूड झाली, म्हणून रोल जास्त भरला.

बुलडोझरने बोटांवर मोजून पाहिलं, दोनदा. मग कटर अंदाज्याच्या हातात दिला, स्वतःचा शर्ट काढून त्याची घडी घातली आणि बॉनेटवर पालथा झाला.

"चूक माझी. बोललो ते बोललो. काप."

पाठ भिंतीएवढी होती. अंदाज्याने सवयीने एक डोळा मिटला आणि त्याला उत्तर कळलं. दाजी कोपऱ्यातून, डोळ्यात उतरणारं रक्त पुसत, कापू नकोस बाबा, असं खुणेने सांगत होते. पण नाही म्हटलं तर हा उठणार आणि परत कटर घेणार. कापायचं तर हा माणूस जिवंत होता, आणि वरून सहकार्य करत होता. अंदाज्याने नऊ वर्षांत खोटं माप सांगितलं नव्हतं.

"नाही पुरणार," तो म्हणाला. "चार बोटं कमी पडेल."

बुलडोझर सावकाश उठला. तो कशात कमी पडेल असं आजवर त्याला कोणी म्हटलं नव्हतं. त्याने एकच ठोसा मारला. अंदाज्या फिल्मच्या मांडणीवर आदळला, मांडणी त्याच्यावर आदळली. बुलडोझरने शर्ट घातला, सगळी बटणं लावली आणि पांढऱ्या डिकीची तांब्याच्या रंगाची गाडी घेऊन निघून गेला. चूक स्वतःची आणि माल अपुरा, तर माणूस करणार काय.

दाजींनी अंदाज्याला ढिगाऱ्यातून ओढून काढलं, तोंडातलं रक्त पुसलं, दात गोळा करून हातात दिले आणि विचारलं, खरंच कमी पडली असती का?

अंदाज्याने दात खिशात टाकले. दुखण्यापेक्षा त्याला शरमच जास्त वाटत होती.

"पुरली असती, दाजी," तो म्हणाला. "वर वीतभर उरली असती."