समितीची चौदा हेल्मेटं

संपदा शिगवणला नोकरीला लागून आठ महिने झाले होते, तेव्हा तिच्या ताब्यात एक संसदीय उपसमिती आली. रस्ते आणि रेल्वेबद्दलचं देशाचं धोरण कागदावर आहे तसं जमिनीवर उतरतंय का, यावर देखरेख ठेवायचं काम या उपसमितीचं. अध्यक्ष गिरिजाताई धरून पाच खासदार, आणि त्यांच्यासोबत दिल्लीहून आलेले अवर सचिव अभिनव माथुर. संपदा ज्या सरकारी कंपनीत होती तिच्याकडे दौऱ्याची व्यवस्था होती. "तू मीरा रोडची ना? मग तुझाच एरिया," असं म्हणून साहेबांनी फाईल तिच्या टेबलावर ठेवली.

खरं तर मीरा रोडमधल्या आपल्या सिल्व्हर पार्क वस्तीच्या बाहेर संपदाचा एरिया फारसा नव्हताच. उत्तनजवळच्या पाली या समुद्रकाठच्या कोळीवाड्यात ती आयुष्यात दोनदा गेली होती, दोन्ही वेळा रिक्षाने, दोन्ही वेळा सेल्फी काढायला. पण तिने तीन रात्री बसून कार्यक्रम आखला. अकरा वाजता पाली गावात लोकांशी चर्चा, साडेअकराला निघायचं, बारा वाजता भाईंदर स्टेशनवर अधिकाऱ्यांची आढावा बैठक. सल्लागार कंपनीच्या अहवालात स्वच्छ लिहिलं होतं : पाली ते भाईंदर स्टेशन, बावीस मिनिटं. तरी संपदाने वरची आठ मिनिटं हातात ठेवली होती आणि त्या हुशारीवर ती मनातल्या मनात खूश होती.

अकराला पाच कमी असताना समितीची पांढरीशुभ्र एसी बस पालीच्या गल्लीत शिरली आणि तिसऱ्या वळणावर अडकली. डावा आरसा एका घराच्या कठड्यापलीकडे गेला, उजवं मागचं चाक गटाराच्या काठावर चढलं, आणि पुढचा दरवाजा एका भिंतीसमोर अर्धाच उघडू लागला. गल्ली नकाशावर रस्त्यासारखीच दिसत होती. प्रत्यक्षात ती दोन स्कूटरपुरती होती, त्याही एकमेकींना ओळखणाऱ्या.

समोरून एक बाई स्कूटरवरून आली. पुढे मासळीचा रिकामा टब, मागे काही नाही. तिने बसकडे पाहिलं, मग बसच्या वर, मग खाली.

"ही हितं कोनी आनली?"

"मी," संपदा अर्ध्या दरवाजातून म्हणाली.

"आता पुढं न्हाय जायची. मागं पन न्हाय. माझा नवरा येईल मग कायतरी होईल."

"ते कधी येतील?"

"बोटीवर हाय. परवा."

 संपदाने आत वळून पाहिलं. अभिनव माथुर फोनवर सिग्नल शोधत होते. चार खासदार खिडक्यांतून बाहेर बघत होते आणि खिडक्यांबाहेरून निम्मं गाव आत बघत होतं. गिरिजाताई मात्र उठल्या, पदर खोचला, आणि बासष्टाव्या वर्षी त्या अर्ध्या दारातून तिरक्या होऊन खाली उतरल्या.

"चर्चा करायचीच होती ना लोकांशी?" त्या म्हणाल्या. "हे काय, जमलेत."

चर्चा तिथेच झाली, बसच्या बॉनेटभोवती. ती स्कूटरवाली मंदा. तिच्याकडून आणि बाकीच्या बायकांकडून खासदारांनी ऐकलं की रोज सकाळी इथून मासळी घेऊन भाईंदरच्या बाजारात कसं जायचं, कॉलेजची पोरं स्टेशनला कशी पोचतात, आणि बस येईपर्यंत काय काय करून होतं. गिरिजाताईंनी अहवालातली बावीस मिनिटं वाचून दाखवली.  मग मंदाच्या मागची एक म्हातारी हसायला लागली, आणि ते हसू गल्लीभर पसरत गेलं, इतकं की वरच्या मजल्यावरची माणसं काय झालं ते विचारायला खिडकीत आली, आणि कारण कळल्यावर तीही हसू लागली.

"मॅडम, बारह बजे की मीटिंग है," अभिनव माथुर संपदाच्या कानाशी म्हणाले. "कुछ कीजिए."

संपदाने मंदाकडे पाहिलं. "तुमच्याकडे स्कूटर किती आहेत?"

"सगळ्यांकडं हाय."

पाच खासदार, अवर सचिव आणि ती स्वतः. सात माणसं, सात स्कूटर, चालवायला सात बायका. संपदाला वाटलं, सुटलो. तेवढ्यात गिरिजाताई म्हणाल्या, "हेल्मेट?"

मंदा म्हणाली, "हितून कोन घालतंय?"

"मी घालते. आम्ही सगळे घालणार, आणि चालवणाऱ्याही घालणार. देशातल्या रस्त्यांवर देखरेख ठेवणारी समिती बोडक्या डोक्याने स्टेशनवर गेली, तर उद्या आम्ही कुणाला काय विचारणार?"

म्हणजे चौदा. संपदा पालीच्या गल्लीगल्लीतून धावू लागली. तिचे साडीला शोभणारे सँडल तिने केव्हाच हातात घेतले होते. प्रत्येक दारात ती एकच विचारायची, "हेल्मेट आहे का, हेल्मेट?" आणि हेल्मेटं निघू लागली. एक खुंटीवर होतं, त्यात कांदे होते. एक माळ्यावरून आलं. एकात मांजर झोपलं होतं, ते उठायला तयार नव्हतं, शेवटी मांजरासकट आणून गल्लीत ओतलं. एकाला सुक्या बोंबलांचा असा वास होता की ते समितीतल्या हिमाचलच्या एका शाकाहारी खासदारांच्या वाट्याला येऊ नये म्हणून संपदाने ते स्वतःच्या डोक्यावर चढवलं. बसच्या बॉनेटवर एकेक हेल्मेट येऊन बसत होतं आणि गाव मोजत होतं. नऊ. अकरा. तेरा.

तेरावर आकडा थांबला.

"मैं बस के पास रुकता हूँ," अभिनव माथुर फार समजूतदारपणे म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावर सकाळपासून पहिल्यांदा शांती दिसली.

पण गल्लीच्या टोकाकडून दाजी येताना दिसला. दाजी गावातला सगळ्यात म्हातारा नाखवा. त्याच्या हातात कोरं करकरीत निळं हेल्मेट होतं, दुकानातून आणलं तेव्हाच्या प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं. नातवाच्या गाडीसोबत मिळालेलं, वर्षभर कपाटात ठेवलेलं.

"घाला," दाजी म्हणाला. "पन पिशवी काडू नका. नवीन हाय."

अवर सचिवांनी पिशवीसकट हेल्मेट घातलं. तोंडापुढची पिशवी संपदाने मागे दुमडून दिली.

गिरिजाताई मंदाच्या मागे बसल्या, घड्याळ बघितलं, म्हणाल्या, "चला." आणि समिती निघाली.

सुरुवातीला संपदा मेल्याहून मेल्यासारखी बसली होती. आपली नोकरी गेली, आई काय म्हणेल, असं सगळं त्या बोंबलाच्या वासात तिच्या डोक्यात फिरत होतं. मग उत्तनचा चढ संपला, वारा लागला, आणि तिने पुढे पाहिलं. एकामागोमाग सहा स्कूटर. हिमाचलचे खासदार दोन्ही हातांनी सीटची मागची दांडी धरून समुद्राकडे टक लावून बसलेले. अवर सचिवांच्या डोक्यावरची पिशवी फडफड फडफड करत होती आणि ते दर खड्ड्याला "अरे रे" म्हणत होते. सगळ्यांत पुढे गिरिजाताई, मंदाच्या खांद्यावर हात टाकून, जन्मभराच्या मैत्रिणी असल्यासारख्या बोलत चाललेल्या. संपदाला वाटलं, आता रडू येणार.  आलं ते हसू, आणि ते राई गाव येईपर्यंत थांबलं नाही. तिला घेऊन जाणारी बाई आरशातून बघून म्हणाली, "बरी हाय ना गं तू?" संपदाने हेल्मेट हलवून हो म्हटलं.

वाटेत मोर्वा गावात रस्ता खणलेला होता, तिथे उतरून चालावं लागलं. राईला शाळा सुटली होती. मुर्ध्याच्या पुढे ट्रॅफिक हवालदाराने हात दाखवून सगळ्यांना बाजूला घेतलं. संपदा कागदपत्रं काढू लागली. हवालदार मोबाईल काढत होता.

"उत्तनवरून सात गाड्या आल्या आणि चौदाच्या चौदा डोक्यांवर हेल्मेट," तो म्हणाला. "साहेबांना फोटो पाठवतो. नुसतं सांगितलं तर विश्वास नाही ठेवणार."

समितीने फोटो काढून घेतला. संपदाने ती कोण माणसं आहेत ते सांगितलं नाही. गिरिजाताईंनी डोळ्यानेच नको म्हटलं होतं.

स्टेशनवरच्या हॉलमध्ये अधिकारी पुष्पगुच्छ घेऊन मोठ्या बसची वाट बघत उभे होते. स्कूटरवरून उतरलेल्या बायकांना त्यांनी, "मासळीबाजार तिकडे," असं सांगितलं. मग त्यांतल्या एकीने हेल्मेट काढलं आणि त्या अध्यक्ष निघाल्या. पुष्पगुच्छ पुढे झाले.

बैठक उशिरा सुरू झाली. सल्लागार कंपनीच्या तरुण प्रतिनिधीने, निकेतने, पडद्यावर नकाशा लावला. पालीवर हिरवा ठिपका होता, म्हणजे स्टेशनला जायची सोय चांगली.

"ही बावीस मिनिटं कशी मोजली?" गिरिजाताईंनी विचारलं.

"मॅडम, सॉफ्टवेअरने. अंतर भागिले सरासरी वेग."

"तुम्ही गेला होतात?"

 निकेत म्हणाला, "नाही मॅडम." त्याने खोटं सांगितलं नाही, म्हणून गिरिजाताईंचा आवाज मऊ झाला.

"मी आत्ता आले. चव्वेचाळीस. फोटोची दोन मिनिटं वजा करून." मग त्या दाराकडे वळल्या. "मंदाबाई, आत या. तुमचं म्हणणं नोंदवून घ्यायचंय."

मंदा आत आली, खुर्चीच्या कडेला बसली. माईक समोर आला तेव्हा तिने तो हाताने थोडा लांब केला. "ही तर स्कूटर व्हती," ती म्हणाली. "बसनं यायचं म्हंजे सव्वा तास. बस आली तर. मी काय रागानं न्हाय बोलत. तुमी नकाशा करता ना, त्याच्या आदी एकदा या. मी आनीन मागं बसवून."

लघुलेखकाने शब्दन् शब्द लिहून घेतला. "व्हती" कसं लिहायचं ते त्याने संपदाला हळूच विचारलं.

त्या दिवशी संपदाची नोकरी गेली नाही. संध्याकाळी क्रेन आणून बस काढली, कठड्याचा एक कोपरा पडला तो कंपनीने दुसऱ्याच दिवशी बांधून दिला. चार महिन्यांनी उपसमितीचा अहवाल संसदेत मांडला गेला. त्यात एक शिफारस होती : वस्तीपासून स्टेशनपर्यंतचा वेळ यापुढे सॉफ्टवेअरवर न ठरवता, गर्दीच्या वेळी प्रत्यक्ष प्रवास करून मोजावा, देशभर. खाली आधार म्हणून पालीच्या साक्षीदार मंदाबाईंचं नाव होतं.

संपदाने ते पान मंदाला फोनवर वाचून दाखवलं. 

"देशभर म्हंजे किती गावं?" मंदाने विचारलं.

"लाखांनी असतील."

"अगं बाई, येवड्या गावांत मी कुनाकुनाला मागं बसवून नेऊ?" मंदा म्हणाली, आणि दोघी एकदमच इतक्या हसत सुटल्या की संपदाच्या ऑफिसातले लोक खुर्च्या फिरवून बघायला लागले.