लाडूचा पोरगा

आमचे बाबा, लाडू नाव त्यांचं, दारूपायी चाळिशीतच गेले. माझा मोठा भाऊ नागेश, म्हणजे आमचा अण्णा, तेव्हा शाळेत होता. तरी सोळाव्या वर्षी तोही गावातल्या पोरांबरोबर प्यायला लागला. बाकीचे दोन ग्लास झाले की ओकायचे, अण्णा सरळ चालत घरी यायचा. पोरांना त्याचं कौतुक वाटायचं, त्यालाही वाटायचं.

पुढं ती पोरं कामाला लागली, त्यांची लग्नं झाली, पिणं आपोआप कमी झालं. अण्णाचं मात्र वाढतच गेलं. बाविसाव्या वर्षी भाताची रोपं उपटताना त्याचे हात थरथरायला लागले. बाबांचे हातही असेच थरथरताना आईनं पाहिले होते. दुसऱ्या दिवशी अण्णा आपणहून जोयड्याला तालुक्याच्या दवाखान्यात गेला.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "ज्याला लवकर चढत नाही, त्यालाच धोका जास्त. हे काहीसं रक्तातून येतं. कोवळ्या वयात संगत ओढते, मोठेपणी रक्त जोर धरतं. पण म्हणून तुझं सगळं ठरून गेलंय असं नाही."

औषधं सुरू झाली. मधे एकदा तो घसरला, आणि मान खाली न घालता पुन्हा त्यांच्याकडे गेला.

नंदिगड्ड्याला चुलतबहिणीचं लग्न होतं. महाबळेश्वरकाकांनी, म्हणजे बाबांच्या धाकट्या भावानं, ग्लास पुढं केला.

"घे की. लाडूचा पोरगा असून न्हाई म्हणतोस?"

"लाडूचा पोरगा हाय म्हणूनच न्हाई म्हणतोय, काका."

आवाज जरासुद्धा चढला नव्हता. मग त्यानं चारचौघांत सगळं सांगितलं, थरथरणाऱ्या हातांसकट. आमच्या घरात हे असं उघड कुणी बोललंच नव्हतं. काकांनी तो ग्लास स्वतःच रिकामा केला आणि उठून गेले.

परतीच्या बसमध्ये अण्णा मला म्हणाला, "सोनिया, तुझ्यातबी तेच रक्त हाय. पोरगी म्हणून सुटलीस असं समजू नगं." कॉलेजात मैत्रिणी आग्रह करतात तेव्हा मी आता कारण न लपवता नाही म्हणते.

काही महिन्यांनी काका आमच्या अंगणात आले. बराच वेळ सुपारीच्या पिकाबद्दल बोलले. मग हळूच म्हणाले, "त्या दवाखान्यातल्या बाई कधी भेटतात रे?"

अण्णानं लगेच गाडी काढली. काकांची अजून पुरती सुटलेली नाही. एखादा महिना बरा जातो, मग पुन्हा तेच. अण्णा चिडत नाही. त्यांना मागं बसवून परत जोयड्याला नेतो.