तेओफिलोच्या ओठांवरचा रंग

मी एक बुरकुंड. जांभळ्या मक्याच्या कणसाचे दाणे काढून घेतले की मागे जो दांडा उरतो, तो मी. दाणे जांभळे असतात हे सगळ्यांना ठाऊक असतं. मी त्यांच्याहूनही गडद असतो, पण माझ्याकडे कोणी बघत नाही.

डोंगरातल्या कारुआस गावाच्या वरच्या अंगाला, ओढ्याकाठच्या शेतात माझा जन्म झाला. जूनमध्ये कणसं खुडली, अंगणात वाळवली आणि गिरणीवर नेली. तिथल्या यंत्रानं माझे दाणे ओरबाडून घेतले. त्यांचं पीठ लापशीसाठी बाजारात गेलं आणि मी गिरणीमागच्या ढिगाऱ्यावर पडलो. डुकरंसुद्धा आम्हाला नुसतं हुंगून पुढे जायची.

गिरणीत पोती उचलायचं काम तेओफिलो करायचा. पण गावात त्याला हमाल म्हणून कोणी ओळखत नव्हतं. एका हातानं लांब पावा तोंडाशी धरायचा आणि त्याच वेळी दुसऱ्या हातानं कमरेचा ढोल वाजवायचा, ही त्याची ओळख. सव्वीस वर्षं सप्टेंबरच्या जत्रेत चर्चमधल्या देवीच्या मिरवणुकीपुढे तोच चालत आला होता.

त्या वर्षी जुलैचा, म्हणजे आमच्याकडच्या हिवाळ्यातला, वारा वाईट निघाला. वर कडक ऊन, खाली कोरडी थंडी. तेओफिलोचे ओठ फाटले. खालच्या ओठाला मधोमध अशी भेग पडली की पावा टेकवला की रक्त यायचं.

जत्रेचा मानकरी सेल्सो एक दिवस गिरणीवर आला.

"तेओफिलो, खालच्या गावचा एक जण बरा वाजवतो म्हणे. यंदा तू आराम कर."

"माझं तोंड आहे, माझं मी बघीन."

"तोंड आहे रे, ओठ कुठे आहेत?"

गिरणीतले सगळे हसले. तेओफिलोनं पुढचं पोतं उचललं. त्याची मुलगी यानेत जेवणाची गाठोडी घेऊन दारात उभी होती. तिनं सगळं ऐकलं.

यानेत अडीच वर्षं उआरास शहरात रसायनशास्त्र शिकत होती. आई आजारी पडली म्हणून परत आली. आई गेली, तरी ती शिकायला परत गेली नाही. बाप घरी एकटा राहील, हे तिचं कारण. पण ते तिनं कधी बोलून दाखवलं नाही. तेव्हापासून बापलेकीत कामापुरतंच बोलणं व्हायचं.

त्या दुपारी ती हात धुऊन आमच्या ढिगाऱ्यावर टेकली. उठली तेव्हा ओले तळवे जांभळे झाले होते. तळवे निरखून तिनं गिरणीवाल्याकडून एक पोतं मागून घेतलं आणि आम्हाला त्यात भरलं. त्या पोत्यात मीही होतो.

"हे काय आणलंस?" तेओफिलोनं विचारलं.

"ओठांचं मलम करते. बाजारातल्या स्वस्त लालीनं बायकांचे ओठ सुजतात. आपण फेकतो त्यातूनच रंग काढता येतो. आम्हाला शिकवलंय."

"अडीच वर्षं शिकलीस ती कचरा भिजवायला?"

तिनं आम्हाला ठेचलं आणि उसाच्या दारूत पाणी घालून भिजवलं. दुसऱ्या दिवशी गाळून बघते तर रंग निळसर राखाडी. भांडं राखेनं घासलं होतं, राखेचा अंश तळाला राहिला आणि माझा रंग बिघडला.

"मेलेल्या माणसाचे ओठ रंगवायचे असतील तर छान आहे," बाप म्हणाला.

पुढच्या खेपेला तिनं भांडं नीट धुतलं, लिंबू पिळलं. रंग लालभडक उतरला. आता मेण आणि तेल वितळवून त्यात तो ओतला, तर तो थेंब थेंब होऊन तळाशी बसला. पाण्याचा रंग तेलात मिसळेना. यानेत चुलीपुढे बसून रडली. मला वाईट वाटलं, कारण तिच्यापुढचा तो सगळा पसारा माझाच होता.

तेवढ्यात तिची आत्या एम्पेरात्रिस आली. सत्तरीची बाई, जन्मभर लोकर रंगवत आलेली.

"रडतेस काय गं? रंगाला बसायला जागा दे की. लोकरीला आम्ही आधी तुरटी लावतो."

"इथे लोकर कुठे आहे, आत्या?"

"पोट बिघडू नये म्हणून बटाट्याबरोबर खातो ती पांढरी माती आहे ना घरात?"

तुरटी विरघळवली, वस्त्रगाळ माती टाकली. माझा रंग मातीला धरून बसला आणि वरचं पाणी फिकं झालं. ती माती वाळवून, घोटून मेणात घातली. या वेळी तळाशी काही बसलं नाही. यानेतनं चार दिवस ते मलम स्वतःच्या मनगटावर लावून पाहिलं. खाज नाही, पुरळ नाही. मग एक डबी बापाच्या ताटाशेजारी ठेवली.

"मी लाली लावू?"

"नका लावू. खालच्या गावचा वाजवेल."

तेओफिलो उठून गेला. डबीही गेली.

खरं सांगायचं तर त्याचे ओठ मेणानं आणि तेलानं बरे झाले. मी फक्त रंग दिला. पण त्या रंगापायी मी जत्रेला गेलो, त्याच्या खिशातून आणि त्याच्या ओठांवरून.

मिरवणूक निघायच्या वेळी सेल्सोनं त्याला पाहिलं आणि ओरडला, "अरे वा! नटून आलास! नाचणाऱ्या पोरींच्या रांगेत उभा राहतोस का?"

लोक हसले. तेओफिलोनं खिशातून डबी काढून त्याच्यापुढे धरली.

"माझ्या पोरीनं केलंय. लाव. तुझेही फाटलेत."

सेल्सोनं हात मागे घेतला. त्याच्या बायकोनंच हात पुढे केला. "आणा इकडे. पाच वर्षं झाली, मी सुजेच्या भीतीनं काही लावलेलं नाही."

तेओफिलो चर्चच्या दारापर्यंत न थांबता वाजवत गेला. रक्त आलं नाही.

जत्रा उलगडल्यावर घरी त्यानं ढोल खुंटीला टांगला आणि पाठमोराच विचारलं, "तुझं शिक्षण किती राहिलंय?"

"सहा महिने."

"मार्चमध्ये जा. गिरणीवाल्याला सांगितलंय, बुरकुंडं फेकू नको म्हणून." जरा थांबून तो वळला. "लिंबू आधी पिळायचं की दारू आधी ओतायची? नीट सांग, मी लिहून घेतो."

यानेतनं त्याला वही आणून दिली.

रंग काढून उरलेला मी आता फिका पडलोय, वाळक्या काटकीसारखा. अंगणाच्या कोपऱ्यात उन्हाला पडलो आहे. उद्या मला कुटून परसात पाळलेल्या गिनीपिगांच्या खुराड्यात अंथरतील. तिथली जमीन थंड असते. तक्रार नाही. तुमच्याकडे एवढंच मागणं आहे : बीट सोलाल, कांदा चिराल, तेव्हा सालं टाकायच्या आधी एकदा आपल्या बोटांकडे बघा. जो रंग सहज धुतला जात नाही, तो कुणाच्या तरी कामाचा असतो.