गुरुवारची निळी पाटी

मित्रांनो, माझ्या अंगावर एक बाण आहे आणि चार शब्द: ‘गुरुवार, सायंकाळी सात. या.’ मी एक जुनी पत्र्याची पाटी आहे. बेलापूरला, दिवाळे गावाकडे जाणाऱ्या रस्त्याच्या तोंडाशी, देवळाशेजारच्या खांबाला मला टांगतात.

माझा जन्म रबाळ्याच्या एका कारखान्यात झाला. यंत्राचं झाकण कापून उरलेला तुकडा म्हणजे मी. तिथे काम करणाऱ्या गोटीरामने मला उचललं, माझ्या कडा घासल्या, निळा रंग दिला. गोटीराम एके काळी खूप दारू पीत असे. मग त्याची सुटली. ज्यांची सुटली आहे आणि ज्यांना सोडायची आहे, असे लोक दर गुरुवारी शाळेच्या एका खोलीत जमत आणि एकमेकांना आपलं खरं ते सांगत. तिथली वाट दाखवणं हे माझं काम. माझ्यावर ‘दारू’ हा शब्द हवा असं काहींचं म्हणणं पडलं. गोटीराम म्हणाला, “नको. तो शब्द वाचला का मानूस लांबनंच वळतो. ज्याला यायचंय त्याला कोनीतरी सांगितलेलं असतं, निळी पाटी बघ म्हनून.”

नऊ वर्षं दर गुरुवारी दिवेलागणीला तो मला ओल्या फडक्याने पुसून टांगायचा आणि देवळाकडे बघून हात जोडायचा. नमस्कार देवाला असे. पण त्यातला कणभर माझ्या वाट्याला येतो, असं मला उगाच वाटे.

मग त्याच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि तो महिनाभर कामोठ्याला लेकीकडे राहायला गेला. मला त्याने गुरुवारच्या मीटिंगला येणाऱ्या दिनानाथांच्या हवाली केलं. दिनानाथ निवृत्त माणूस, शिस्तीचे. “गुरुवार चुकवायचा नाही,” एवढंच गोटीरामने त्यांना सांगितलं, आणि त्यांनी तो चुकवला नाही.

त्याच महिन्यात शाळेच्या छपराची दुरुस्ती निघाली. मीटिंग जेट्टीच्या बाजूला, समाजमंदिरात गेली. सगळ्यांना फोनवर निरोप पोचले. पण मित्रांनो, निरोप जुन्यांना जातात. नव्याचा नंबर कुणाकडे असतो? नव्यासाठी तर मी होते.

त्या गुरुवारी दिनानाथांनी मला स्वच्छ पुसलं, नेहमीच्या खिळ्याला टांगलं आणि स्वतः उलट्या बाजूला चालू लागले. माझा बाण शाळेकडे, त्यांची पावलं जेट्टीकडे. मी त्यांच्या पाठीकडे बघत राहिले. पत्र्याला हाक मारता येत नाही.

थोड्या वेळाने मालतीबाई आल्या. त्या दिवाळ्याच्या, मासळी विकणाऱ्या. गुरुवारी गिऱ्हाईक कमी, म्हणून टोपली लवकर उतरवून आल्या होत्या. सोबत त्यांचा मुलगा रूपेश. त्याच्या पिण्याला कंटाळून बायको लेकीला, भाविकाला, घेऊन माहेरी गेली होती. “एकदाच येईन,” असं त्याने आईला कबूल केलं होतं. तो शब्द मिळावा म्हणून आईने अकरा गुरुवार निरंकार उपास धरले होते. हा अकरावा.

रूपेशने मला नीट वाचलं. आईला म्हणाला, “बघ, चल.” आणि ती दोघं माझ्या बाणाने गेली.

परत आली तेव्हा तो पुढे होता.

“आये, तुजा शब्द ठेवला ना मी? कुलूप हाय.”

“जरा थांब. कोनाला तरी इचारते.”

“काय इचारतेस? गावभर सांगतेस का?”

तेवढ्यात जेट्टीकडून टाळ्या ऐकू आल्या. रूपेश थांबला. “कोनाचा तरी वाडदिवस हाय,” म्हणाला, आणि कडवट हसला.

वाढदिवसच होता, मित्रांनो. दारू सोडून वर्ष झालं की ही मंडळी त्या माणसाचा वाढदिवस करतात. दोन मिनिटांच्या अंतरावर ते दार उघडं होतं.

“तुज्या देवालाच नको हाय, आये,” असं म्हणून तो निघून गेला. मालतीबाई माझ्याखाली उभ्या राहिल्या. देवळात आरती चालू झाली, तरी त्यांचे हात जोडले गेले नाहीत.

पुढच्या गुरुवारी त्या एकट्याच आल्या आणि मला टांगणाऱ्या दिनानाथांना म्हणाल्या, “दादा, ही पाटी खोटं बोलते.” सगळं ऐकल्यावर दिनानाथ देवळाच्या पायरीवर बसले. मला मांडीवर ठेवून त्यांनी गोटीरामला फोन लावला.

गोटीराम काठी टेकत आला. त्याने माझा बाण खरवडला आणि जेट्टीच्या दिशेने नवा काढला. तिरपं ऊन पडलं की जुना बाण रंगाखालून अजून दिसतो.

आता मालतीबाई दर गुरुवारी खांबापाशी थांबतात. माझ्यावर त्या भरवसा ठेवत नाहीत, आणि ते बरोबरच आहे. कुणी घुटमळताना दिसला की हळूच विचारतात, “मीटिंगला का? चल बाबा, दावते,” आणि दारापर्यंत सोडून परत येतात. अशी सात माणसं त्यांनी पोचवली. रूपेश आलेला नाही.

मित्रांनो, तुमची जागा बदलली तर आधी दारावरची, रस्त्यावरची पाटी बदला. जुने लोक विचारत विचारत येतील. नवा माणूस सगळा धीर गोळा करून एकदाच येतो.

आज गुरुवार आहे. मला पुसून टांगलं आहे. मालतीबाई सातव्याला आत सोडून आल्या आहेत आणि दिवाळ्याच्या रस्त्याकडे बघत उभ्या आहेत. माझा बाण आता खरा आहे. पण तो जेट्टीकडे जातो, मित्रांनो, रूपेशच्या घराकडे नाही.